कुंभार्ली घाटात चेन निघाली. ज्यांनी मदत केली त्यांची पक्कड माझ्याकडे राहिलीय, परत कशी पोचवू?

मल्हारपेठकर
शनिवार होऊन तीन दिवस झाले तरी मनातून जात नाही म्हणून इथे विचारतोय. जरा लांबण लागेल. पण सगळं सांगितलं तरच त्या भागातल्या कुणाला तरी माणूस ओळखू येईल.

मी चिपळूणला पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला आहे, घर मल्हारपेठला. शनिवारी संध्याकाळी घाट चढायचा, सोमवारी पहाटे उतरायचा, असं सहा वर्षं चाललंय. गाडी 2011 ची, शंभर सीसी, कार्बोरेटरवाली. या शनिवारी आई मागे होती. डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून ती महिनाभर माझ्याच खोलीवर होती. डॉक्टरांनी घरी जायला परवानगी दिली आणि तिला एक दिवसही थांबायचं नव्हतं. मांडीवर पिशवी, पिशवीत फणसपोळी आणि आमसुलं, डोळ्यावर काळा चष्मा.

पोफळी मागे टाकली तेव्हा सहा वाजायला आले होते. पाऊस बारीक होता पण धुकं खाली उतरलेलं. घाट अर्धा चढून झाला असेल, दुसऱ्या गिअरला एका वळणातून बाहेर पडलो आणि खळ्ळकन आवाज झाला. इंजिन एकदम मोकळं पळालं आणि गाडी मागे यायला लागली. दोन्ही ब्रेक दाबून धरले, आईला उतरवलं, गाडी कडेला घेतली. चेन लॉकमधून (तिची दोन टोकं जोडणाऱ्या कडीतून) निघून कव्हरच्या आत गोळा होऊन बसली होती. डिकीत एक स्क्रूड्रायव्हर आणि प्लगचा पाना, एवढंच सामान. फोनला रेंज नाही. पोफळीपासून वर हे रोजचंच आहे.

इंजिन न्यूट्रलला चालू ठेवलं. या गाडीचा पुढचा आणि मागचा दिवा इंजिनवरच चालतो, बंद केलं की आम्ही धुक्यात दिसेनासे होणार. रस्त्याच्या बाजूचा इंडिकेटर लावला. आई कठड्यावर प्लास्टिकचा कागद पांघरून बसली आणि जाणाऱ्या गाड्या मोजायला लागली. मी हात करत होतो. तेवीस गाड्या गेल्या, असं ती म्हणते. एका कारवाल्याने काच खाली करून "काय झालं?" विचारलं, पण मागून ट्रकने हॉर्न दिला तसा तोही गेला.

चोविसावी एसटी होती, कराडकडे जाणारी. ड्रायव्हरने त्या चढावर गाडी थांबवली. कंडक्टर खाली उतरले आणि आईला म्हणाले, "मावशी, चला, वर बसा. पाटणला उतरा, पोरगं येईल मागनं." आई काही केल्या उठेना. "त्याला सोडून मी जायची नाही," एकच धोशा. मीही खूप समजावलं. शेवटी कंडक्टरांनी मला विचारलं, नक्की काय तुटलंय? सांगितलं. ते म्हणाले, "घाटमाथ्याला सांगतो कुणाला तरी," आणि डबल बेल दिली. खरं सांगतो, मी ते फार मनावर घेतलं नव्हतं. माणूस जाता जाता म्हणतो तसं म्हणाले असतील, असं वाटलं.

पाऊण तासाने वरून एक मोटरसायकल हळूहळू उतरत आली. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन, चालवणाऱ्याच्या अंगावर खताच्या पोत्याची खोळ, कपाळाला बॅटरी बांधलेली. थेट आमच्यापाशीच थांबले. "पाव्हणं, तुमीच का चेनवालं? यस्टीवाल्यानं सांगितलं. म्हातारं माणूस हाय संगं म्हनला."

म्हणजे हा माणूस घरी निघालेला, आणि फक्त त्या निरोपावर अर्धा घाट उलटा उतरून आलेला.

त्यांनी बॅटरी माझ्या हातात दिली, चेनकव्हरचे बोल्ट सोडले आणि आत हात घातला. ग्रीसच्या चिखलात चाचपून लॉकचा दोन पिनांचा तुकडा काढला, मग वरची पट्टी काढली. क्लिप मात्र कुठेच मिळाली नाही. त्यांच्या कॅनचं झाकण बांधकामाच्या तारेने आवळलेलं होतं. तीच तार सोडून घेतली, पिनांच्या खाचांतून फिरवून पक्कडीने पीळ दिला, टोकं तोडून आत दुमडली. बोलणं जवळजवळ नाहीच. मी दोनदा नाव विचारलं तर "ऱ्हाऊ द्या की" एवढंच.

मग म्हणाले, चेनवर भार नको, आईला माझ्या गाडीवर द्या. त्यासाठी त्यांचा एक कॅन काढून माझ्या गाडीला अडकवला. "पयला-दुसरा गेर, झटका द्यायचा न्हाई," असं बजावलं आणि हेळवाकपर्यंत आईला मागे बसवून माझ्या मागोमाग आले, त्यांच्या दिव्याचा उजेड माझ्या पुढ्यात पडेल असं अंतर ठेवून. हेळवाकला कॅन परत दिला. मी पाचशेची नोट काढली तर त्यांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. आईने फणसपोळी पुढे केली तेव्हा मात्र हात पुसून घेतली, निम्मी मोडून निम्मी परत दिली. आणि गेले.

घरी पोचल्यावर पिशवी रिकामी करताना पक्कड सापडली. कॅन बदलायच्या गडबडीत आत पडली असणार. जुनी आहे, मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली, ती पट्टीही झिजून गुळगुळीत झालेली. बरीच वर्षं हातात असल्याशिवाय अशी होत नाही. वय पन्नासच्या आसपास, उंच, उजव्या हाताच्या करंगळीचं पेर नाही. गाडीचा नंबर बघायचं सुचलं नाही.

दोन गोष्टी हव्यात. त्यांना शोधायचं कसं, आणि गाडीत नक्की काय काय ठेवायचं. पुन्हा माझ्यामुळे कुणाला रात्रीचा घाट उतरायला लागू नये.

---

दहाबारा पाना
पहिल्या प्रश्नाचं मला ठाऊक नाही. दुसऱ्याचं सांगतो, सत्तावीस वर्षं गॅरेज आहे.

चेन तुटली नाही, लॉकची क्लिप उडाली. हे दोन कारणांनी होतं. एक म्हणजे चेन सैल सोडली, चढावर झटका बसला की ती आतून कव्हरला आपटते. दुसरं म्हणजे चेन काढल्यावर जुनीच क्लिप पुन्हा बसवली. एकदा वाकवून काढलेली क्लिप पहिल्यासारखी पकडत नाही, दर वेळी नवी घालायची. आणि तिची दिशा बघायची. क्लिपचं एक तोंड बंद असतं, एक उघडं. चेन ज्या दिशेला पळते तिकडे बंद तोंड पाहिजे. उलटी बसवली तर कशाला तरी घासून उघडी बाजू सरकते. शेवटी चेन कुणी काढली होती ते आठवा.

तुमच्या गाडीला 428 ची चेन असणार, तरी जुन्या चेनच्या पट्टीवर आकडा कोरलेला असतो तो वाचून घ्या. त्या मापाची दोन लॉक क्लिपसकट प्लास्टिकच्या पुडीत घालून डिकीत टाका. सोबत पक्कड, दहा-बाराचा पाना, हातभर तार, प्लग, क्लचची आणि अ‍ॅक्सिलेटरची वायर. चेनचा ढिलेपणा मधोमध दोन ते तीन सेंटिमीटर, बसणारा माणूस नेहमीचा असेल तर त्या हिशेबाने बघून घ्या.

त्या माणसाने तार बांधली ते बरोबर केलं, आणि आईंना स्वतःच्या गाडीवर घेतलं ते त्याहून बरोबर. तार म्हणजे घरी पोचण्यापुरती. तुम्ही त्यावरच मल्हारपेठपर्यंत आला असाल तर आता ती चेन फिरवू नका, सेटच बदला.

एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून लिहितो. चेन निघाल्यावर बरेच जण उताराला गाडी सोडून देतात, पोफळीपर्यंत घरंगळत जाऊ म्हणून. करू नका. चेन नाही म्हणजे इंजिनाचा ब्रेक नाही. सगळा भार दोन ड्रम ब्रेकवर येतो, तेही ओले, मागे माणूस. चार-पाच वळणांत लायनर तापून ब्रेक लागेनासा होतो. तुम्ही जागेवर थांबलात ते योग्य केलंत.

आणखी एक. 2020 च्या एप्रिलपासून बीएस-सहा हा धुराचा नियम आला, तेव्हापासूनच्या बहुतेक गाड्या इंजेक्शनवाल्या आहेत. त्यांत पेट्रोलचा पंप बॅटरीवर चालतो. बॅटरी पार मेली की बऱ्याचशा ढकलूनही चालू होत नाहीत. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीला रस्त्यावरचा माणूस काही तरी करू शकतो, नव्या गाडीला तो फक्त ढकलू शकतो. नवी गाडी असलेल्यांनी पावसाळ्याच्या तोंडावर बॅटरी तपासून घ्यावी.

---

दहा टायर
मी ट्रक चालवतो. चिपळूण-कराड महिन्यातून सात-आठ खेपा असतात. तुमच्या त्या तेवीस गाड्यांत माझ्यासारखे किती असतील ते माहीत आहे, म्हणून लिहितोय.

भरलेली गाडी त्या चढावर, ओल्या रस्त्यावर थांबवली तर पुन्हा उचलताना क्लच जळतो. गाडी जरा मागे आली आणि मागे कारवाला चिकटून असला तर संपलंच. धुक्यात तर मागचा दिसतही नाही. माणूस हात करतोय हे बघून पुढे जायचं आणि मग तासभर ते मनात घोळत राहायचं, असं अनेकदा झालंय. आम्ही करतो काय, तर पुढे सपाटीला थांबलो की चहावाल्याला सांगतो, खाली अमुक ठिकाणी गाडी पडलीय. तुमच्या कंडक्टरांनी केलं तेच. या रस्त्यावर निरोप असाच चालतो, फोन लागतच नाही तर दुसरं काय करणार.

पुढच्या वेळेसाठी (येऊ नये, पण) सांगतो. वळणाच्या तोंडाशी उभं राहू नका. गाडी ढकलत सरळ पट्टीत न्या, जिथे चालवणाऱ्याला तुम्ही आधीपासून दिसाल. मागे चाळीस-पन्नास पावलांवर झाडाची हिरवी फांदी टाका, आम्ही ती लांबून ओळखतो. दगड मांडले तर जाताना उचला. रात्री दोन-तीन वाजता त्याच दगडांवरून कुणाची तरी मोटरसायकल उडते, ते मी डोळ्यांनी बघितलंय. आणि थांबवताना नुसता हात हलवू नका. बिघडलेल्या भागाकडे बोट करा. पेट्रोल संपलं, पंक्चर झालं की माणूस आजारी आहे हे आधी कळलं तर थांबायचं की पुढे सांगायचं ते ठरवता येतं.

---

आंबा घाटातली
मी शिक्षिका आहे, एकटीच गाडी चालवते, कोल्हापूर ते साखरपा. मल्हारपेठकर, तुमच्या आईंचं "सोडून जायची नाही" वाचून डोळे भरून आले.

बाईमाणसाला मदत मागताना एक वेगळाच हिशेब करावा लागतो, तो इथे लिहून ठेवते. कुणा दुसरीच्या उपयोगी पडेल. दोन वर्षांपूर्वी आंबा घाट उतरून साखरप्याच्या अलीकडे माझं मागचं चाक पंक्चर झालं. दुपारचे चार. दोघे तरुण थांबले, "मॅडम, गाडी इथेच ठेवा, आम्ही सोडतो" म्हणाले. कदाचित मनाने चांगलेही असतील, मी त्यांना वाईट म्हणत नाही. पण मी नको म्हटलं आणि पाऊण किलोमीटर गाडी ढकलत मागे गेले, कारण येताना रस्त्याकडेला करवंदं घेऊन बसलेल्या बायका बघितल्या होत्या. त्यांच्यात जाऊन बसले. त्यांनी पाणी दिलं, एकीने पोराला पिटाळलं, पोराने पंक्चरवाल्याला आणलं. दोन तास लागले. त्या दोन तासांत मला एकदाही भीती वाटली नाही.

तेव्हापासून घाटातून जाताना मी बघून ठेवते, शेवटचं दुकान कुठे, शेवटचं घर कुठे, एसटीचा थांबा कुठे. गाडी पडली तर पुढे जायचं की मागे, हे आधीच ठरलेलं असतं. आणि आपल्या सिमला रेंज नसली तरी 112 लावून बघायचा. आसपास दुसऱ्या कंपनीचा टॉवर पोचत असेल तर तो कॉल त्यावरून जाऊ शकतो. राष्ट्रीय महामार्गावर 1033 हा मदतीचा क्रमांक आहे.

मल्हारपेठकर, तुम्ही त्या कंडक्टरांनाही शोधा. कराडच्या आगारात तारीख, वेळ सांगितलीत तर त्या फेरीला कोण होतं ते कळेल. ते घाटमाथ्याला बोलले नसते तर पक्कडवाले आलेच नसते.

---

हेळवाकचा
पाव्हणं, हे सोपं हाय. कॅन घेऊन फिरणारा माणूस म्हणजे दूध घालणारा. डेअरी सकाळी सहा ते आठ उघडी असती, संध्याकाळी परत. तिथं पक्कड घेऊन जावा आणि करंगळीचं सांगा. दूध घालणाऱ्याचे हात डेअरीवाल्याइतके कोण बघतं? इथं नाव-गाव विचारत बसू नका आणि कुणी सांगितलं तरी लिहू नका. त्या माणसानं सांगितलं न्हाई म्हंजे त्याला नको असंल.

पैशाचं मनाला लावून घेऊ नका. आमच्याकडं घाटात पडलेल्याकडनं पैसं घेत न्हाईत. गॅरेजवाला घेईल, त्याचा तो धंदा हाय. वाटेवरच्या माणसानं घ्यायचं नसतं. तुमच्या आईनं खायला दिलं ते त्यानं घेतलं, तिथं हिशेब झाला.

---

मल्हारपेठकर
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रविवारी पहाटे आईला घेऊनच गेलो, एसटीने. चेन सेट बदलायला गाडी दिलीय. दहाबारा पाना, तुमचा अंदाज खरा निघाला. मे महिन्यात मागचं टायर बदललं तेव्हा चेन काढली होती आणि क्लिप तीच घातली होती.

सातला डेअरीत पोचलो. पक्कड टेबलावर ठेवली आणि करंगळीचं सांगितलं, तर डेअरीवाल्या दादांनी पक्कड उलटी करून बघितली आणि बाहेर उभ्या असलेल्या एका ताईंना हाक मारली. त्या आल्या, बघितली, म्हणाल्या, "आमच्या दादाची."

ते तिथले रोजचे दूध घालणारे नाहीतच. मुंबईला माथाडी कामाला असतात, मशीद बंदरला. बहिणीच्या घरचे मालक पाय मोडून पडलेत, म्हणून आठ दिवसांच्या रजेवर येऊन तिची गुरं आणि दूध सांभाळत होते. त्या शनिवारी चिपळूणकडून येणाऱ्या कुणा पाहुण्याची वाट बघत घाटमाथ्याला चहा घेत उभे होते, तेवढ्यात एसटी थांबली. मंगळवारी मुंबईला परत गेले. करंगळी तिकडेच गेली, मालाखाली. हे ताईंना विचारून लिहितोय. नाव-गाव लिहिणार नाही.

ताईंनी फोन लावून दिला. मी बोलायच्या आधी आईने हातातून घेतला. काय बोलली ते सगळं लिहीत नाही, पण शेवटी त्यांना "भाऊ" म्हणाली आणि दिवाळीला गावी आलात की मल्हारपेठला जेवायला यायचं असं कबूल करून घेतलं. मग फोन माझ्याकडे आला. इतक्या दिवसांत काय बोलायचं ते मी मनात जुळवून ठेवलं होतं, त्यातलं एकही वाक्य आलं नाही. त्यांनीच विचारलं, "तार काढली का? चेन नवी टाकली का?" सांगितलं, टाकतोय. "मग झालं," म्हणाले.

ताईंच्या घरी जाऊन पक्कड त्यांच्याकडे दिली. गोठ्यातलं दार नीट बसत नव्हतं, त्या दाराची तार त्यांनी लगेच तिनेच आवळली.

कंडक्टरांचं अजून राहिलंय. कराड आगारात बुधवारी जाणार आहे, त्या दिवशी मला सुट्टी आहे.

चिपळूणला परत येताना घाटमाथ्याच्या चहावाल्यांशी बोललो. त्यांच्याकडे एक पत्र्याचा डबा ठेवायचं ठरलंय, ज्याला लागेल त्याने घ्यावं, जमलं तर परत आणून ठेवावं. पक्कड, तार, दहा-बाराचा पाना मी घेतलाय. दहाबारा पाना, चेन लॉक 428 ची चार घेतोय. त्या रस्त्यावर दीडशेच्या नि त्यापुढच्या गाड्याही बऱ्याच असतात, त्यांना कुठल्या मापाची ठेवू? आणि ट्यूबलेसचं पंक्चर काढायच्या पट्ट्या नुसत्या ठेवून चालतील, की त्यासोबत टोच्या आणि सोल्यूशनही लागेल?